भोगीची रात्र आणि तुटलेली तार

आधी वास येतो. मळीचा, आंबूस, नाकात बसणारा. मग आवाज: उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, आणि त्याच्या टपावरच्या स्पीकरमधून गल्ली हादरवणारं गाणं. डोळे उघडा. तुम्ही श्रीगोंद्यात आहात, रात्रीचे नऊ वाजून गेलेत, तारीख १४ जानेवारी २०२३. शनिवार. भोगी.

रस्त्यावरच्या पाटीवर जिल्ह्याचं नाव अहमदनगर आहे. ते तसंच राहू द्या. अहिल्यानगर व्हायला २०२४ चा ऑक्टोबर यावा लागेल. या प्रवासाची अट एकच: पुढचं माहीत असलेलं बोलायचं नाही. आज रात्री ही अट जड जाईल, कारण ज्या घरात तुम्ही शिरताय तिथे जो तो कुठल्या ना कुठल्या निकालावर डोळा ठेवून बसलाय.

घर कुठलं ते विचारू नका. ते आणि त्यातली माणसं माझ्या कल्पनेतली आहेत. श्रीगोंद्यात शोधलंत तर सापडणार नाही, आणि सापडलंच तर एक सोडून चार सापडतील. दुमजली, पुढे ओसरी, मागे गोठा. तुम्ही या घरातला धाकटा मुलगा आहात, वय एकोणीस. हात बघा. तळव्यांना घट्टे आहेत, पण ते खुरप्याचे नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी आहेत, प्लॅस्टिकचं स्टिअरिंग तासन् तास धरून पडलेले.

आजी ताट पुढे सरकवते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी, आणि भोगीची भाजी: वांगं, गाजर, घेवडा, हरभऱ्याचे घाटे, दोन बोरंसुद्धा. पोटभर जेवू नका. दहाला शर्यत आहे आणि तुमची पाळी बाराला. बाजरी जड पडते.

ओसरीवर टीव्हीसमोर आप्पा बसलेत, तुमचे चुलते. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीची आज सांगता झाली. शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला हरवून गदा घेतली, वर थार गाडी मिळवली. पण आप्पांचं मन त्या कुस्तीत नाही. ते त्याआधीच्या कुस्तीत अडकलंय, गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या. बाहेरच्या टांगेवर पंचांनी गायकवाडला चार गुण दिले आणि सिकंदर बाहेर पडला.

“चार पॉइंट कशाचे?” आप्पा टीव्हीलाच विचारतात. “टांग पुरती लागली व्हती का?”

तुम्हाला माहीत आहे की या चार गुणांवरून सगळा महाराष्ट्र पुढचे कित्येक दिवस भांडणार आहे. भाकरीचा घास घ्या आणि गप्प बसा.

आप्पांचा दुसरा निकाल मागच्या गोठ्यात रवंथ करतोय. शर्यतीचा बैल. मागच्या पावसाळ्यात लम्पी आला, जनावरांचे बाजार बंद पडले, शेजारच्या दावणी रिकाम्या झाल्या, हा वाचला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी दिली, पण मूळ खटला घटनापीठापुढेच राहिला. आता युक्तिवाद संपलेत आणि निकाल राखून ठेवलाय. आप्पांना रोज वाटतं, उद्या लागेल. तो लागणार आहे १८ मेला, आणि त्यांच्या बाजूने. सांगितलंत तर ते आत्ता उठून भंडारा उधळतील. सांगू नका.

*

जिना चढून माडीवर या. सहा बाय दहाची खोली. अभ्यासाच्या टेबलाला पकडीने आवळलेलं स्टिअरिंग, समोर जुना मॉनिटर, खाली पेडल. फरशीवर पेडल सरकतात, म्हणून त्यांच्या मागे भिंतीपर्यंत दोन विटा लावल्यात. प्लॅस्टिकची खुर्ची ब्रेक दाबला की मागे जाते, म्हणून तिचे पाय सुंभाने टेबलाच्या पायांना बांधलेत. या खेळाचे परदेशी व्हिडिओ बघाल तर लाखांच्या सांगाड्यांवर लोक झोपल्यासारखे बसलेले दिसतात. ब्रेक मात्र इथेही तेवढ्याच जोराने दाबावा लागतो. उजवी पोटरी चाचपून बघा.

कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड जुनं, दुसऱ्याचं वापरलेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवर चालणारं ‘खोदकाम’ बंद केलं, आणि खोदकाम करणाऱ्यांची कार्डं जगभर सेकंडहँड बाजारात येऊन पडली. त्यातलंच एक पुण्यामार्गे इथे आलं. श्रीगोंद्याच्या माडीवर बेल्जियमचं जंगल उमटतंय ते त्या बंद पडलेल्या खोदकामाच्या कृपेने.

टेबलाच्या कडेला मोबाइल उभा करून ठेवलाय. त्यावर दुसरी शर्यत सुरू आहे: लमाँ व्हर्च्युअल, चोवीस तासांची. फ्रान्समधल्या लमाँचा १३.६२६ किलोमीटरचा रस्ता, पण संगणकातला. एका गाडीला चार चालक, जो तो आपापल्या ठिकाणी बसून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये खरी शर्यत जूनमध्ये होऊ शकली नाही, तेव्हा १३ आणि १४ जूनला ही पहिल्यांदा झाली: ५० गाड्या, २०० चालक. फर्नांडो अलोन्सोपासून लँडो नॉरिसपर्यंत माणसं घरातल्या खुर्चीत घामाघूम झालेली जगाने बघितली. तुम्ही ज्याच्या अंगात बसलात त्या पोराने ती रात्र मोबाइलवर काढली होती. शाळा बंद, शर्यतीचा घाट बंद, बाहेर पोलीस. स्टिअरिंगचा हट्ट तिथून सुरू झाला.

आज त्या मोबाइलच्या पडद्यावर टीम रेडलाइनची पहिल्या क्रमांकाची गाडी आहे. तिच्यात मॅक्स वेर्स्टापेन, लागोपाठ दोन वर्षांचा फॉर्म्युला वन जगज्जेता. सोबत जेफ्री रीटवेल्ड, दिओगो पिंटो आणि ल्यूक ब्राउनिंग. पोराचा जीव या गाडीत आहे. तुम्हाला तिचं काय होणार ते माहीत आहे.

श्रीगोंद्याच्या या खोलीत आज काय होणार, ते मात्र कुठेच छापलेलं नाही. इथे तुम्हीही आप्पांच्याच रांगेत.

*

लीग साधी आहे. देशभरातल्या पोरा-बाप्यांचे वीसेक संघ, प्रत्येकाने थोडी वर्गणी काढून मुंबईतला सर्व्हर भाड्याने घेतलेला, खेळ असेटो कोर्सा काँपेटित्सियोने, गाड्या जीटी थ्री गटातल्या. आज हंगामाची शेवटची शर्यत, बेल्जियममधलं स्पा-फ्रँकोरशाँ, तीन तास. संघात तिघं. पहिला पुण्यात हॉस्टेलवर, दुसरा शारजात गोदामात कामाला, तिसरे तुम्ही. एकमेकांना नावाने कोणी हाक मारत नाही. हॉस्टेल, शारजा, गोंदा. तिघं प्रत्यक्षात कधी भेटलेले नाहीत.

गणित सोपं: पाचवे आलात तरी हंगाम तुमचा. सहावे आलात तर नाही.

दहा वाजता हॉस्टेल निघतो. तुम्ही कानाला हेडफोन लावून इंधनाचा हिशेब ठेवायचाय. टाकी १२० लिटरची, फेरीला साडेतीन-पावणेचार लिटर, फेरी सव्वादोन मिनिटांच्या वर. टायरमध्ये हवा साडेसत्तावीसच्या आसपास राहिली पाहिजे. गरम झाली की वाढते, वाढली की पकड जाते. पहिला तास सुरळीत जातो. ला सूर्सच्या हेअरपिनवर पुढे दोन गाड्या एकमेकींत घुसतात, हॉस्टेल बाहेरून निसटतो, सातव्याचा पाचवा होतो. एवढंच.

अकराला पिट. आता नीट बघा, कारण या खेळातली सगळ्यात अजब गोष्ट हीच. गाडी पिटमध्ये थांबते, पुण्यातल्या हाताखालून स्टिअरिंग मरतं, आणि काही सेकंदांनी शारजातल्या हाताखाली जिवंत होतं. तीच गाडी, तेच झिजलेले ब्रेक, मधे अरबी समुद्र. खऱ्या शर्यतीत एक चालक उतरतो, दुसरा चढतो, पट्टा ओढून देतो, खांद्यावर थाप मारतो. इथे थाप नाही. “घे रे,” हॉस्टेल म्हणतो, “डावं पुढचं टायर जरा ओढतंय.” बस.

शारजा शांत माणूस. त्याच्या आवाजामागे एसीची घरघर येते. तो तास कुठे गेला कळत नाही आणि कळलं तेव्हा गाडी तिसरी आहे.

मधेच आप्पा माडीवर येतात. त्यांना पायऱ्या चढताना दम लागतो, पण कुस्तीचा राग कुठेतरी उतरवायचाय. खुर्चीमागे उभे राहून पडदा बघतात.

“ह्याला पंच कोन?”

तुम्ही सांगता, आहेत, दोघं आहेत, एक बंगळुरूला, एक दिल्लीला. भांडण झालं तर शर्यतीनंतर रिप्ले बघतात आणि सेकंद वाढवतात.

“घाटावं नसंतो का मग त्यो?”

“कोणीच घाटावर नसतं, आप्पा.”

हे त्यांना पटत नाही. बारी सुटताना निशाण धरणारा समोर दिसला पाहिजे, चुकला तर त्याची गचांडी धरता आली पाहिजे, असं त्यांचं शर्यतीचं शास्त्र आहे. मला ते अडाणी वाटत नाही. डिसेंबरच्या अखेरीस केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे दिला, पोराने ती बातमी आप्पांना वाचून दाखवली होती, तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न विचारला होता: मैदान कुठंय?

*

बाराला पाच कमी. हात पुसा. पिटमध्ये गाडी येतेय. शारजा म्हणतो, “गोंदा, तयार?” आणि तळव्यांखाली प्लॅस्टिक थरथरतं.

गाडी तुमची झाली.

पहिल्या दोन फेऱ्या काही करू नका, टायर थंड आहेत. ला सूर्सनंतर उतार लागतो, ओ रूजला रस्ता पोटात घेतो आणि रेडियोंच्या चढावर आभाळाकडे फेकतो; वर काय आहे ते दिसत नाही, तरी पाय उचलायचा नाही. मग केमेलचा सरळ रस्ता, अडीचशेच्या आसपास वेग. तिथे श्वास घ्यायला मिळतो. पुऑंच्या दुहेरी डाव्या वळणात स्टिअरिंग जड होतं, मनगटं दुखतात. हे दुखणं खरं आहे. हा खेळ खोटा असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, त्याला फक्त एक तास या खुर्चीत बसवा.

तिसरे आहात, मागच्यात आणि तुमच्यात नऊ सेकंद. हॉस्टेल फेरीगणिक लिटर मोजतोय. मोबाइलवर लमाँ चालू. खाली आजीने उद्याच्या तिळगुळासाठी गूळ किसून ठेवलाय. गल्लीतून अजून एक ट्रॅक्टर येतोय, त्याचं गाणं हेडफोनमधूनही ऐकू येतं.

पुढे काय झालं ते नीट समजून घ्या, कारण जगातल्या कुठल्याही शर्यतीच्या नियमावलीत ते सापडणार नाही. गाळपाच्या दिवसांत ट्रॉली भरतात ती बेताने नाही. उसाचे वाढे वरून झुलत असतात. आणि इंटरनेटची तार आपल्याकडे खांबावरून खांबावर, गच्चीवरून गच्चीवर लोंबत जाते, रस्ता ओलांडताना तर हाताला लागेल इतकी खाली. उसाची मोळी तारेत अडकते, ट्रॅक्टरवाल्याला गाण्यात काही कळत नाही, आणि पंचवीस पावलांवर काचेचा तो केसाएवढा धागा कट्‌कन तुटतो.

पडद्यावर तुमची गाडी अजून धावतेय. एक सेकंद, दोन सेकंद. बाकीच्या गाड्या मात्र सरळ रेषेत निघाल्यात, वळणावर न वळता झाडांत शिरतायत. खेळाला त्यांची खबर मिळत नाही म्हणून तो अंदाजाने त्यांना पुढे ढकलतोय. मग पडदा काळा. राउटरवर लाल दिवा.

“गोंदा? गोंदा, कुठे गेलास?” हे वाक्य तुम्ही ऐकलंच नाही. ते पुण्यात आणि शारजात ऐकू आलं.

आता धावपळ. मोबाइलवर लमाँ बंद करा, आधी ते. चित्र डेटा खातं. शर्यतीला मात्र फार लागत नाही. तसाही दिवसाचा कोटा संध्याकाळीच संपला होता. बारा वाजले आणि नवा दीड जीबी आला, म्हणून वाचलात. हॉटस्पॉट लावा. ५जी पुण्यात आलंय, श्रीगोंद्यात कुठलं? ४जीच्या दोन काड्या, त्याही खिडकीजवळ. खोलीत एकच काडी. तुम्ही ओरडता, आणि आप्पा, जे अजून दारातच उभे आहेत, मोबाइल घेऊन खिडकीतून हात बाहेर काढतात.

“आसा धरू?”

“वर. अजून वर. हलवू नका!”

गाडी परत मिळते, पण जिथे तुटली तिथे नाही, पिटमध्ये उभी. निघता तेव्हा नववे आहात. घड्याळात छत्तीस मिनिटं.

*

इथून पुढची छत्तीस मिनिटं या पोराने आयुष्यात सगळ्यात चांगली गाडी चालवली. तुम्ही फक्त आत बसून बघा. नववा, आठवा. एकजण ब्लाँशिमाँला स्वतःच घसरून जातो, सातवा. लीगचे निवेदक, जे रात्री साडेबाराला एकशे चाळीस प्रेक्षकांसाठी घसा फोडतायत, त्यांना कळत नाही की ही गाडी मधेच गायब का झाली होती.

मग संदेश येतो, पंचांचा: तुमचा पिंग वाढतोय, गाडी इतरांच्या पडद्यावर उड्या मारतेय, जपून.

पिंग म्हणजे तुमची खबर सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. तारेवर तो सेकंदाचा साठावा भाग असेल; आप्पांच्या हातातल्या मोबाइलवर आत्ता दहावा भाग, कधी पाचवा. ऐकायला काहीच नाही. पण केमेलवर अडीचशेच्या वेगाने गाडी सेकंदाला ६९ मीटर जाते. दहाव्या भागात सात मीटर. गाडीची लांबी साडेचार मीटर. म्हणजे तुमच्या पडद्यावर जिथे मोकळा रस्ता आहे, तिथे दुसऱ्याच्या पडद्यावर तुमची दीड गाडी असू शकते.

शेवटची फेरी. सहावे आहात. पुढे पाचवी गाडी, अर्ध्या सेकंदावर. हॉस्टेल सांगतो, इंधन पुरेल, सहाशे मिलिलिटर उरेल. आप्पांचा हात कापायला लागलाय, त्यांनी दुसऱ्या हाताने कोपर धरलंय. शारजा काही बोलत नाही, एसी घरघरतोय. ब्लाँशिमाँनंतर बस स्टॉपचं वळण, या रस्त्यावरची शेवटची संधी. ब्रेक उशिरा. विटा भिंतीवर करकरतात. आत शिरा. जागा आहे, हातभर आहे, तुम्ही स्वच्छ बघताय की आहे. बाहेर पडताना तो मागे.

पाचवे.

हेडफोनमध्ये पुणे आणि शारजा एकदम किंचाळतात. आप्पा अजून हात बाहेर काढून उभे आहेत, त्यांना कोणी सांगितलंच नाही की संपलं.

*

पंचांचा निर्णय यायला अडीच वाजतात. तोवर झोपू नका. मागच्या गाडीवाल्याने तक्रार केली आहे: बस स्टॉपला मला धक्का दिला. तो खोटं बोलत नाही. त्याच्या संगणकातली चित्रफीत त्याने पाठवलीय, आणि तीत तुमची गाडी एका चौकटीत मागे आहे, पुढच्या चौकटीत त्याच्या दारात. तुमच्या चित्रफितीत हातभर फट. दोन्ही खऱ्या. सर्व्हरने त्या दोघांच्या मधलं काहीतरी नोंदवलंय.

पाच सेकंदांची शिक्षा. तुम्ही सहावे.

दुसरा अर्ज तुमच्याकडून गेलेला: उसाच्या ट्रॉलीने तार तोडली, वाया गेलेला वेळ परत द्यावा. त्यावर उत्तर एका ओळीचं. कनेक्शनची जबाबदारी चालकाची.

हॉस्टेल शिव्या देतो. शारजा म्हणतो, पहाटे शिफ्ट आहे, उद्या बोलू. तुम्हाला राग येतोय, पण तो कोणावर काढायचा ते सापडत नाही. ट्रॅक्टरवाला कारखान्याच्या रांगेत झोपला असेल. पंचांनी समोर होतं ते बघितलं. तक्रार करणाऱ्याने अनुभवलं ते सांगितलं. सिकंदरच्या बाजूने भांडणाऱ्यांना निदान पंच आहे, नाव आहे, चेहरा आहे. या खेळात हार मिळते पण हरवणारा मिळत नाही; जिंकण्याची नशा खऱ्या शर्यतीएवढीच आहे आणि दाद मागायची सोय तिच्या निम्मीसुद्धा नाही. खेळाचं हे अंग मला सगळ्यात कच्चं वाटतं.

आप्पांना तुम्ही दोन्ही चित्रफिती दाखवता. ते चष्मा लावून दोनदा बघतात.

“दोन निशाणं आन् दोन्ही खरी,” ते म्हणतात. “मंग निकाल लावलाच कसा?”

*

आता उद्याचं, जे तुम्हाला माहीत आहे आणि या खोलीत कोणाला नाही.

उद्या संक्रांत. लमाँ व्हर्च्युअल संध्याकाळपर्यंत चालेल. संपेपर्यंत तिला दोनदा लाल झेंडा दाखवून थांबवावं लागेल. आयोजक सर्व्हरच्या सुरक्षेत कोणीतरी शिरल्याचा संशय व्यक्त करतील. पुन्हा सुरू होईल. वेर्स्टापेनची गाडी पुढे असेल, आघाडीवर, आणि तो स्वतः चालवत असताना त्याचं कनेक्शन तुटेल. परत येईल तेव्हा काही फेऱ्या मागे पडलेला असेल. तो गाडी सोडून देईल आणि आयोजनाला थेट प्रक्षेपणात ‘क्लाउन शो’ म्हणेल, त्याहून कडूही बोलेल. जिंकेल त्याच्याच संघाची दुसरी गाडी, फेलिक्स रोझेनक्विस्ट आणि फेलिपे द्रुगोविच ज्या चौकडीत आहेत ती.

जगज्जेता असो की श्रीगोंद्याच्या माडीवरचा पोरगा, तुटलेल्या तारेपुढे दोघांची किंमत सारखी, असं म्हणायचा मोह होतो. ते अर्धंच खरं. वेर्स्टापेन बोलला की जगभर बातमी होते. पोराचा अर्ज एका ओळीत निकाली निघाला आणि त्याची बातमी तुमच्याशिवाय कोणाला नाही.

लमाँ व्हर्च्युअल २०२३ नंतर या रूपात पुन्हा झाली नाही. घाटात गाडे मात्र पळतायत, कारण त्या खटल्याचा निकाल लागला, कारणांसकट, कागदावर.

तेव्हा आजच्या दिवसात परत आल्यावर, तुमच्या गावात, कॉलेजात, सोसायटीत कोणी अशी लीग चालवत असेल तर त्याच्याकडे एवढा आग्रह धरा. पहिल्या शर्यतीआधी, भांडण नसताना, सगळ्यांसमोर दोन गोष्टी लिहून घ्या: लाइन तुटली तर गेलेल्या फेऱ्यांचं काय, आणि दोन पडद्यांवर दोन चित्रं दिसली तर कुठलं मानायचं. निर्णय कोणाच्याही विरुद्ध जाऊ दे, पण त्याखाली कारण लिहा आणि लिहिणाऱ्याचं नाव टाका. आणि तुम्ही स्वतः चालवणार असाल तर वायफायवर विसंबू नका, राउटरपासून संगणकापर्यंत तार ओढा, राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि गाळप सुरू असेल तर दुसरं सिम कार्ड भरून ठेवा.